तीन पत्रे फुटले, आता अख्खं छप्पर बदलायचं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मार्चच्या शेवटी, भर दुपारी त्यांच्या गावाला गारांनी झोडपलं. मोठ्यात मोठी गार लिंबाएवढी होती. घर जुनं, प्रत्येक पिढीनं थोडं थोडं वाढवत नेलेलं. पुढचा खण धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा आहे, मधल्या दोन खोल्यांवर तीसेक वर्षांचे सिमेंटचे पत्रे आहेत, स्वयंपाकघरावर पाच वर्षांमागे टाकलेला रंगीत लोखंडी पत्रा आहे आणि न्हाणीघराच्या स्लॅबवर सोलर वॉटर हीटर. मागे गोठा. सिमेंटचे तीन पत्रे आरपार फुटले, काहींना बारीक चिरा गेल्या. रंगीत पत्र्यावर खड्डेच खड्डे पडलेत, पण तो गळत नाही. धाबं ओलावलंय. दुसऱ्याच दिवशी एक पत्रेवाला कंत्राटदार आला, अंगणातूनच वर बघून "सगळं छप्पर गेलं" म्हणाला आणि आठ दिवसांत निम्मी रक्कम दिली तर सवलत देतो असं सांगून गेला. पुण्याला असलेले जेठ म्हणतात, सगळं काढून नवा पत्रा टाका, निम्मा खर्च मी देतो. कॅनडात कॅलगरीला नोकरी करणारा पुतण्या सांगतो, इकडे गारा पडल्या की पूर्ण छत बदलतात, तुम्हीही तेच करा. सासरे, म्हणजे नाना, एवढंच म्हणतात, "पत्रा फुटना, घर नही फुटनं." आणि ताईंचे यजमान डांबराचा डबा घेऊन स्वतःच वर चढायच्या तयारीत आहेत. घरात जो पैसा आहे तो कपाशीच्या बियाण्याखतासाठी राखलेला. ताई विचारतात, यातलं कोणाचं ऐकू?

ताई,

आधी यजमानांना डांबराचा डबा खाली ठेवायला सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

सिमेंटचा पत्रा खालून भक्कम दिसतो. माणसाच्या वजनाखाली तो कधी फुटेल याचा मात्र काही नेम नसतो. तीस वर्षं ऊन खाल्लेला, त्यात नुकत्याच गारा झेललेला पत्रा असेल तर बोलायलाच नको. जी चीर डोळ्यांना दिसत नाही, नेमका तिच्यावरच पाय पडतो. आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. गारपिटीनंतरच्या दिवसांत गारांपेक्षा दुरुस्तीला चढलेल्या माणसांची मला जास्त काळजी वाटते. चढावंच लागलं तर पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. जाड, रुंद फळी किमान दोन आडव्या वाशांवर टेकेल अशी टाकायची आणि तिच्यावरून सरकत जायचं. पत्र्यावर बोल्टांची रांग दिसते, तिच्याखाली वासा असतो, हे ध्यानात ठेवायचं. खाली दुसरा माणूस हवाच. वेळ सकाळची, ऊन तापायच्या आधीची. पण तुमच्या घरी तपासणीसाठी चढायची गरजच बहुधा पडणार नाही, ते पुढे सांगते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. घरातले सगळे 'छप्पर बदलायचं की नाही' यावर भांडताहेत. पण तुमच्या घराला एक छप्पर नाहीच. चार आहेत, गोठा धरला तर पाच. गारेनं त्यातल्या प्रत्येकाचं वेगळं काहीतरी केलंय आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. गंमत म्हणजे जेठ, नाना, पुतण्या हे तिघंही खरं बोलताहेत, फक्त प्रत्येक जण वेगळ्या खणाबद्दल बोलतोय. पुतण्याचा खण तर कॅनडातच आहे.

त्याच्यापासूनच सुरू करू, कारण शिकलेल्या पोराच्या सांगण्याला घरात वजन असतं आणि असावंही. कॅलगरीत मोठ्या गारा नवीन नाहीत. २०२० च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे गारांनी हजारो घरांची छतं खराब केली. पण तिथली छतं बहुतेक डांबरी शिंगल्सची असतात. म्हणजे डांबर पाजलेले, वरून खडीची बारीक कच लावलेले तुकडे एकावर एक बसवलेले. गार लागली की कच उडते, आतलं अस्तर दबतं, आणि वरून पाहिलं तर फारसं काही दिसत नाही. मग हिवाळ्यात त्या दबलेल्या जागेत पाणी शिरतं आणि गोठतं. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं, चीर रुंदावते, वितळतं, पुन्हा गोठतं. छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार झाला तर मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखालून घरात येतं. थंडीत शिंगल्स कडक होतात, उचलायला गेलं तर मोडतात, आणि त्यांना चिकटवणारी पट्टीही ऊब मिळाल्याशिवाय धरत नाही. त्यामुळे तिथे हिवाळ्याआधी एका बाजूचं सगळंच छत बदलून टाकणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं, आणि त्याचा खर्च बहुधा विमा कंपनी उचलते. पुतण्याचं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे पत्र्यावर पाणी गोठत नाही. आपल्या छपराचे वैरी म्हणजे पंचेचाळीस अंशांचं ऊन, मे महिन्यातली वादळं आणि जूनमधला पहिला तिरपा पाऊस.

तरी तिथल्या माणसांची तपासायची रीत उचलण्यासारखी आहे. ते छपराकडे शेवटी बघतात. आधी घराभोवतीच्या मऊ धातूच्या वस्तू बघतात, कारण गार किती मोठी होती आणि कुठून आली हे त्या वस्तू सांगतात. तुमच्याकडे खिडकीतला कुलर असेलच. त्याच्या टिनाच्या कोणत्या अंगावर खड्डे आहेत ते बघा. मोटारसायकलची टाकी, गोठ्यावरचा पत्रा, दाराबाहेरची कोठी यांचीही पाहणी करा. खड्डे एकाच बाजूला दाट असतील तर गारा तिरप्या, त्या दिशेनं आल्या. मग छपराचा त्या दिशेला तोंड असलेला उतार जास्त मारला गेला असणार आणि पलीकडचा कदाचित शाबूत असेल. पत्रेवाला दोन्ही उतारांचे पैसे मागेल तेव्हा हे कामी येईल. मग तिथली माणसं छपरावर दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन खडूनं आखतात आणि त्यातले मार मोजतात. तुम्ही वर न चढता प्रत्येक पत्र्याला नंबर द्या, वहीत एक साधा नकाशा काढा आणि कोणत्या नंबराला काय झालंय ते लिहा. ही वही पुढे पंचनाम्यालाही उपयोगी पडेल, जेठांशी बोलतानाही.

लिंबाएवढ्या गारेबद्दल एक हिशेब सांगते. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं आणि ती पडतेही जास्त वेगानं, म्हणून आदळण्याची ऊर्जा जवळपास सोळापट होते. त्यामुळे शेजारच्या गावात बोराएवढ्या गारा पडून कोणाचंच काही बिघडलं नाही आणि तुमच्याकडे पत्रे आरपार गेले, यात पत्र्याचा दर्जा वाईट होता असं मानायचं कारण नाही.

आता एकेक खण बघू. सिमेंटच्या पत्र्यांवर मी जास्त बोलणार आहे, कारण घोळ तिथेच आहे.

फुटलेले तीन दिसताहेत. प्रश्न न दिसणाऱ्या चिरांचा आहे. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, दारंखिडक्या बंद करून खोलीत अंधार करा आणि वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका किंवा रेघ दिसते तिथे नकाशात खूण करा. मग संध्याकाळी शेजारच्या स्लॅबवरून किंवा भिंतीला टेकवलेल्या शिडीवरून नळीनं पत्र्यांवर पाणी सोडा. पाणी खालच्या कडेपासून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं. वरून सोडलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा ठेवा. पाणी सोडण्याआधी त्या खोल्यांची वीज मेन स्विचवरून बंद करा, पंख्याच्या हुकातून पाणी उतरतं हे कोणाच्याच लक्षात येत नाही. पाणी थांबवल्यावरही नजर ठेवा. पत्रा वाळत येतो तेव्हा चिरेतलं पाणी मागे राहतं आणि तिथे गडद रेघ दिसते. जी चीर कोरड्या पत्र्यावर कोणालाच दिसली नव्हती, ती तेवढ्या वेळात स्वतःहून दिसते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्टाच्या भोकापासून निघून पन्हळीच्या लांबीनं जाणारी चीर सगळ्यात वाईट, ती वाढत जाते. गारेच्या माराची चांदणीसारखी बारीक चीर, जी खालच्या अंगाला उमटलेली नाही, ती निभावून नेता येते.

तुम्ही लिहिलंय की 'काहींना' चिरा गेल्यात. ही तपासणी झाली की तो आकडा चार आहे की चौदा आहे ते कळेल, आणि पुढचा सगळा निर्णय त्या आकड्यावर आहे. चार असतील तर फुटलेले तीन आणि हे चार बदला, किंवा तीन बदला आणि चारांवर पट्टी मारा. चौदा असतील तर जेठांचं म्हणणं विचारात घ्यायला हवं, तरी आत्ताच नाही. का, ते सांगते.

आधी पट्टीबद्दल. डांबर नको. आपल्या उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, आणि काही महिन्यांनी कडक होऊन तडकतं. इपॉक्सीचा लगदाही नको, कारण तो पत्र्यापेक्षा कडक होतो आणि तापल्या-निवल्यानं त्याच्या कडेनंच नवी चीर पडते. हार्डवेअरच्या दुकानात ॲक्रिलिकचं वॉटरप्रूफिंग आणि फायबरची जाळी मिळते. चीर आणि भोवतालची चार-चार बोटं जागा ओल्या फडक्यानं पुसून, वाळू द्यायची. मग पहिला हात, त्यावर जाळी, वर दोन हात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावायचं. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर तो लेप आत धरायच्या आधीच वर वाळून पापुद्रा होतो.

आणि आता ती गोष्ट जी पत्रेवाला सांगणार नाही. तीस वर्षांपूर्वीचे आपल्याकडचे सिमेंटचे पत्रे जवळपास सगळेच ॲस्बेस्टॉसचे असतात. शाबूत पत्रा डोक्यावर असण्यानं लगेच काही होत नाही. धोका त्याच्या धुळीचा आहे. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे जगभरच्या आरोग्यसंस्थांनी मान्य केलेलं आहे. म्हणून फुटलेले पत्रे काढताना हातोड्यानं तुकडे करू नका, कोरड्यात करवत चालवू नका, तारेच्या ब्रशनं शेवाळ घासू नका. आधी पाण्यानं चांगले भिजवा, बोल्ट कापून पत्रा जमेल तितका अखंड उतरवा, तोंडाला पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क बांधा, रुमाल किंवा साधा मास्क पुरत नाही. खाली पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पोरं खेळणार नाहीत अशा जागी ठेवा आणि ते कुठे द्यायचे हे ग्रामपंचायतीला विचारा. आपल्याकडे असे तुकडे गल्लीतल्या चिखलात भरावाला टाकायची आणि चुलीला आडोसा म्हणून उभे करायची पद्धत आहे. ती तुमच्या घरापुरती तरी मोडा.

बदली पत्रा आणताना जुन्याचं माप घेऊन जा. नेहमीच्या पन्हळी सिमेंट पत्र्यात एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत १४६ मिलिमीटर अंतर असतं. जुना पत्रा त्याच मापाचा आहे का, हे नीट मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर नवा पत्रा शेजारच्यावर बसत नाही. ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात, तेच मागा. भोक ड्रिलनं पाडायचं, खिळा ठोकून नव्हे, आणि बोल्टापेक्षा थोडं मोठं. ते नेहमी पन्हळीच्या उंच भागावर, खोलगट भागात कधीच नाही. बोल्ट आवळताना वॉशर दबेल एवढंच आवळायचं. गावातल्या पत्र्यांना बोल्टापाशी पडलेल्या चिरा बघितल्या तर त्यातल्या कित्येक गारेनं नाही, पान्यानं पडलेल्या असतात.

स्वयंपाकघराच्या रंगीत पत्र्यावर मात्र मी कमी शब्द खर्च करणार आहे. खड्डे पडले म्हणजे पत्रा गेला, हे पत्रेवाल्यानं तुमच्या मनात भरवलंय. खड्डा दिसायला वाईट असतो, पाणी अडवायला त्याची अडचण नसते. बघायचं ते तीन ठिकाणी: खड्ड्याच्या तळाशी रंग तडकलाय का, दोन पत्र्यांची जोड उघडलीय का, आणि स्क्रूखालचे रबराचे वॉशर शाबूत आहेत का. पत्रा रोज वाढतो आणि आकसतो. तीन मीटरचा लोखंडी पत्रा सकाळ-दुपारमध्ये चाळीस अंशांनी तापला तर साधारण दीड मिलिमीटर लांबतो. रोजच्या या ओढाताणीनं स्क्रू ढिले होतात. पाच वर्षांत ते झालेच असणार, गारपिटीबरोबरच्या वाऱ्यानं त्यात भर घातली असेल. ढिला स्क्रू काढून एक नंबर जाड नवा, रबरी वॉशरसकट बसवा. रंग तडकलेल्या जागी पत्र्याच्या रंगाचा गंजरोधक हात मारा. दिवाळीत पुन्हा एकदा बघा, गंज धरला असेल तर तेव्हा दिसेल. पत्र्यावर सिमेंट थापू नका, ते पत्र्याबरोबर वाढत नाही आणि खपली होऊन निघतं.

धाब्याच्या बाबतीत नानांचं ऐका. त्यांनी आयुष्यभर ते सांभाळलंय. गारांचा थर धाब्यावर साचून सावकाश वितळतो, म्हणून सरळ पावसापेक्षा जास्त पाणी मुरतं. आत्ता ते ओलं आहे म्हणून घाबरू नका, चैत्र-वैशाखाचं ऊन त्याला वाळवेल. वाळल्यावर जिथे खळगा पडलाय तिथली पोकळ माती खरवडून काढा आणि खारी माती टाकून चोपा. पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार राखा. एकच गोष्ट नानांना नम्रपणे सांगा, की जुनी माती न काढता दरवर्षी वरून भर टाकू नये. एक इंचाचा मातीचा थर चौरस मीटरला चाळीस किलोच्या वर भरतो. दहा बाय बाराच्या खणावर ते साडेचारशे किलो होतात, आणि ओली झाली की आणखी जास्त. तुळईनं किती वर्षांची भर पेलायची? तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसानं टोचून बघा. पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे, आणि मग ते काम बाकी सगळ्याच्या आधी. धाब्यावर सिमेंटचा कोबा करायचं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. माती हलते, सिमेंट हलत नाही, आणि चिरेतून गेलेलं पाणी मग बाहेर येत नाही.

स्लॅबला गारेनं सहसा काही होत नाही. पावसाळी पाइपच्या तोंडाशी गारांबरोबर आलेला पाला साचला असेल तो काढा. सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या बघा. चांगल्या नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर नळी वरून अखंड दिसली तरी तिच्यातली निर्वात पोकळी गेली, ती पाणी तापवणार नाही. एकेक नळी बदलता येते, पूर्ण संच घ्यायची गरज नसते. हे काम उन्हात करू नका, नळी भाजते. ज्यांच्याकडे विजेचे सोलर पॅनल आहेत त्यांच्यासाठी: पॅनलना बाजारात येण्याआधी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याचा मारा सेकंदाला २३ मीटर वेगानं करून तपासतात, म्हणजे बोराएवढ्या गारेला ते टिकावेत. त्याहून मोठ्या गारा पडल्या असतील तर काच शाबूत दिसली तरी इन्व्हर्टरवरची रोजची युनिटं मागच्या महिन्याशी ताडून बघा. काच तडकलेल्या पॅनलला हात लावू नका, उन्हात त्यात वीज असतेच.

आता पैशाचं आणि जेठांचं.

जेठ म्हणतात ते तत्त्व म्हणून मला पटतं. तीस वर्षांचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे कधीतरी काढायचेच आहेत. पण मे महिन्यात घर उघडं टाकणं आणि वळवाच्या वादळात अर्धवट छपराखाली बसणं यात मला शहाणपण दिसत नाही. पावसाआधीच्या त्या घाईत पत्रा महाग असतो आणि चांगला मिस्त्री मिळत नाही. शिवाय सिमेंटच्या जागी नुसता लोखंडी पत्रा टाकला तर खोली आतापेक्षा जास्त तापेल, त्याखाली उष्णता अडवणारा थर किंवा छत करावं लागेल आणि तो खर्च जेठांच्या हिशेबात बहुधा नाही. पुण्यातून हे जाणवत नाही, वैशाखातली दुपार इथे काढावी लागते. आणखी एक. सिमेंटच्या पत्र्याचं वजन वाऱ्याला धरून ठेवतं. हलका पत्रा टाकायचा तर वासे भिंतीशी नीट जखडलेले हवेत, नाहीतर वावटळीत वाशांसकट उडतो. म्हणजे खालचा सांगाडाही बघावा लागणार. हे दिवाळीनंतरचं काम आहे, कापूस विकून हातात पैसा आल्यावरचं. जेठांना तसं सांगा: "दादा, निम्मा खर्च द्यायचं म्हणालात, ते आम्ही दिवाळीनंतर मागू." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी येणार असतील तर तेव्हा वही समोर ठेवून बोला. फोनवर छपराचं बोलणं हिश्श्यांच्या बोलण्याकडे वळायला वेळ लागत नाही, हे तुम्हीही जाणता.

मृगाच्या आधी करायचं एवढंच: फुटलेले तीन पत्रे, बोल्टाजवळून चिरलेले जे निघतील ते, बाकी चिरांवर जाळी-पट्टी, आढ्यावरच्या जोडांची तपासणी, रंगीत पत्र्याचे स्क्रू आणि धाब्याची माती. त्यात बियाण्याच्या पैशाला फार मोठा हात लागू नये. तोवर ताडपत्री टाका, पण ती आढ्याच्या पलीकडे दोन हात गेली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्या वरच्या कडेखालून शिरतं. दगड ठेवून ती दाबू नका. दोन्ही टोकांना वाळूच्या गोण्या दोरीनं बांधून भिंतीबाहेर लोंबत्या सोडा.

पंचनामा झाला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर उद्याच तलाठ्यांकडे अर्ज द्या, आणि पोच घ्या. गारपीट ही शासनाच्या आपत्तींच्या यादीत आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्राच्या निकषांत, घराचं किमान पंधरा टक्के नुकसान झालं असेल तर पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० अशी मदत धरलेली होती. राज्य शासन वेळोवेळी वेगळा निर्णयही काढतं, म्हणून सध्याचा आकडा तहसीलमधून विचारा. या पैशात छप्पर होत नाही हे उघड आहे. पण तुमच्या वहीतला नकाशा, प्रत्येक फुटक्या पत्र्याचा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो आणि तारीख असेल तर ते पंधरा टक्के दाखवणं सोपं जातं. गोठ्याची नोंद वेगळी करायला सांगा, ती हमखास राहते. फुटके तुकडे पंचनाम्याआधी हलवू नका. घरावर कर्ज असेल तर बँकेनं विमा उतरवलेला असू शकतो, पासबुकात हप्ता कापलेला दिसतो का बघा, आणि गारा त्यात धरल्या आहेत का ते लेखी विचारा. ज्यांच्याकडे अजून गारा पडायच्या आहेत त्यांनी एक गार पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि काड्यापेटीशेजारी तिचा फोटो काढावा. नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्रेवाला पुन्हा येईल. आगाऊ रक्कम देऊ नका, आणि वादही घालू नका. त्याच्यापुढे वही ठेवा आणि विचारा, कोणत्या नंबराचा पत्रा गेलाय, फोटो दाखव. नव्या पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये किती, वर जस्ताचा लेप किती ग्रॅमचा, पत्र्याचा दर आणि मजुरीचा दर वेगवेगळा किती, जुने पत्रे उतरवून कुठे नेणार, पक्कं बिल देणार का, हे सगळं कागदावर मागा. पातळ पत्रा स्वस्त पडतो आणि पुढच्या गारपिटीत आधी तोच जातो, म्हणून जाडी लिहून घेतल्याशिवाय दराची तुलना करू नका. त्यानं हे सगळं नीट लिहून दिलं तर दिवाळीनंतरच्या कामासाठी त्याचं नाव जरूर यादीत ठेवा. सोबत अमळनेर आणि पारोळा इथल्या आणखी दोघांचे दर घ्या. आठ दिवसांची सवलत गेली तर जाऊ द्या.